उजवा कौल

गुरुदास पाटकर आमदारकीला उभा राहतोय हे कळलं तेव्हा कांदळवाडीत कोणी हसलं नाही, की कोणी अडवायलाही गेलं नाही. घरातल्या माणसाने असला उद्योग आरंभला तर लोक त्याला वेड्यात काढतात, चार शिव्या घालतात. गुरुदासला सगळा गाव 'भाई' म्हणे आणि वाटेत दिसला तर बाजूला होऊन वाट देई. मान काय तो भरपूर होता बुवा, त्यात काही उणं नव्हतं.

साल पंच्याऐंशी. मालवणच्या बाजारात एका माडीवर भाईचं ऑफिस होतं. तालुक्यातल्या निम्म्या दुकानदारांचे विक्रीकराचे कागद तोच करी, आणि गावच्या रवळनाथाच्या देवळाचा जमाखर्चही वीस वर्षं त्याच्याकडेच. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं, चुलीवर भात टाकायचा आणि एकट्याने जेवायचं. बायको सरला जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सरला होती तोवर कोणाकडे बारसं झालं, कोण आजारी आहे, कोण गेलं, हे ती त्याला जेवताना सांगायची आणि दोघांच्या वतीने जाऊनही यायची. ती गेली आणि गावाची बातमी त्याच्या ताटापर्यंत यायची बंद झाली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग हे निवडणुकीचं खूळ कुठून आलं? तर बांधावरून. कांदळवाडीचा खाडीचा बांध फुटला होता आणि भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरत होतं. बांधाला सरकारने दोनदा पैसे मंजूर केले. दोन्ही वेळा ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन पोचले आणि खर्च झाले नाहीत म्हणून एकतीस तारखेला परत गेले. हे का होतं ते बघायला भाईने अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं मुंबईहून मागवली आणि दोन पावसाळे वाचून काढली. पैसा नाही असं नाही, पैसा उशिरा येतो, हे त्याला कळलं. नारळाच्या एका गोणीपायी दुकानदाराला तीन-तीन फॉर्म का भरावे लागतात, तेही कळलं. हे विधानसभेत उभं राहून कोणीतरी सांगायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. बरोबर होतं हो त्याचं, शंभर टक्के बरोबर. त्या तालुक्यात तेवढं बरोबर बोलणारा दुसरा माणूस नव्हता.

अपक्ष म्हणून त्याला शिडी ही निशाणी मिळाली. कागदाचा कर्णा आणि पत्रकांची पिशवी घेऊन तो गावोगाव फिरला. लोक ओसरीवर बसवत, पाणी-गूळ देत, ऐकून घेत, आणि तो उठला की पत्रकाची घडी करून कौलाच्या फटीत खोचत. बरोबर चालायला कोणी नव्हतं. परत येताना त्याला कधी कधी मोठ्याने बोलायची सवय लागली होती, नुसतं स्वतःशी.

शेवटी तो आपल्या गावात घरोघर निघाला. शेवंतीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून त्याने तिचा नवरा कुठे आहे ते विचारलं, "गंगाराम खंय आसा?"

शेवंती पाटावरून उठली नाही. "ते गेले, भाईनू. दोन वर्सां झाली."

भाईला आता आठवलं. देवळाला तिने नवऱ्याच्या नावाने समई दिली होती. 'कै. गंगाराम यांचे स्मरणार्थ' असं त्या पावतीवर भाईनेच, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. लिहिलं, बेरीज केली आणि पान उलटलं. त्या दिवशी तो पुढच्या घरी गेला नाही. घरी येऊन नुसता बसून राहिला आणि सरलाची त्याला इतकी आठवण आली की भाताची चूल पेटवायचीही राहून गेली.

मतदानाला आठ दिवस राहिले. गावकर महादू, म्हणजे देवळातला पहिला मानकरी, निरोप घेऊन आला. निवडणुकीत गावाने कोणाच्या पाठी राहायचं ते रविवारी देवाला विचारणार होते. नव्या विहिरीपासून सोयरिकीपर्यंत सगळं गाव देवालाच विचारून करायचा. पाषाणाला भिजवून पाकळ्या लावायच्या. उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आणि कौल झाला की झाला, त्याबाहेर पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काही उगाच नाही. चारशे बारा मतं होती गावात.

रविवारी देऊळ भरलं. बाबली गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, आज जो काय ह्यो तुझो सेवक गुरुदास निवडणुकीक उभो रवलो आसा, तेच्या पाठी गावान रवाचा काय नाय, ता तू सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं.

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. खांबाला टेकून उभा भाई मात्र माणसांकडे बघत होता. एवढी माणसं आपलं नाव घेऊन एकत्र उभी आहेत, हे त्याला जन्मात पहिल्यांदाच दिसत होतं. आणि उजवी पाकळी सुटली, पाषाणावरून घसरत खाली आली.

"भाईनू, देवान उजवो दिल्यान," महादू म्हणाला. "गाव तुमच्या पाठी आसा. एक मत हयचा थय जावचा नाय."

आता अशा वेळी माणसाने काय करावं? नमस्कार करावा, नारळ फोडावा आणि गप घरी जावं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. भाई पुढे आला. घसा साफ केला आणि विक्रीकर साहेबापुढे बोलावं तसं शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागला.

"मी आपला आभारी आहे. परंतु देवाच्या नावाने मत घेणं कायद्यात बसत नाही आणि माझ्या बुद्धीलाही पटत नाही. माझी विनंती आहे, या कौलातून आपण मोकळे आहात असं समजा. प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावं, आणि मन सांगेल त्यालाच मत द्यावं."

महादूने बाबलीकडे पाहिलं आणि बाबलीने खाली पडलेली पाकळी उचलून ताटात ठेवली.

कायदा तर होताच. पण खरं सांगायचं तर भाईला कायद्यापेक्षा दुसरंच काही हवं होतं. देवाने सांगितलं म्हणून मिळालेल्या मतात त्याचं काय होतं? आपलं म्हणणं ऐकून, आपल्याला ओळखून कोणीतरी म्हणावं की हा माणूस आम्हाला हवा, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात एकदा. ते मिळेल अशी त्याला खात्री होती, कारण त्याचे आकडे बरोबर होते. त्या रात्री त्याला फार दिवसांनी शांत झोप लागली.

मतमोजणी तालुक्याला झाली. त्या वेळी मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला कुठल्या गावाच्या पेटीतून काय निघालं ते दिसे. भाईला दुसरा माणूस कुठला, तो स्वतःच बसला होता. आचऱ्याच्या बाजारात त्याला नव्वद मतं पडली, आणि तिथे तो धड चार माणसांना ओळखत नव्हता. मग कांदळवाडीची पेटी फुटली. तीनशे अठ्ठेचाळीस मतं निघाली. त्यांत शिडीवर शिक्के होते अकरा. त्याने मोजणाऱ्या कारकुनाला पुन्हा मोजायला सांगितलं. कारकुनाने बिचाऱ्याने मोजली, अकराच भरली.

बाकीची जवळजवळ सगळी गेली होती जुन्या आमदाराला. त्या बाबाला अर्थसंकल्प आडवा धरावा की उभा हे ठाऊक नव्हतं, पण गंगारामाच्या बाराव्याला तो शेवंतीच्या खळ्यात पंगतीत बसून जेवून गेला होता.

अनामत जप्त झाली. तीन दिवस भाई घराबाहेर पडला नाही. कोणी आलं नाही, रागावून नव्हे, त्याच्याकडे असं उठून जायची कोणाला सवयच नव्हती. चौथ्या दिवशी देवळाच्या दुरुस्तीच्या पावत्या द्यायला बाबली गुरव आला आणि पायरीवर टेकला. भाईने पावत्या घेतल्या, बघितल्या नाहीत.

"बाबली, एक विचारू?" या वेळी त्याच्या तोंडी घरचीच बोली आली. "माझा बोलणा लोकांक पटला नाय?"

"पटला ता. बांधाचा तुमी सांगितलात ता सगळा खराच आसा. महादूपण म्हणी होतो, आमदार झाल्यार भाईच बांध करतलो."

"मगे?"

बाबलीने पंच्याने तोंड पुसलं. त्याला हे बोलायचं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. पण विचारणाऱ्याला खोटं सांगायची त्याची रीत नव्हती.

"देवान तुमका सगळो गाव दिल्यान होतो, भाईनू. देवाचा म्हटल्यार आमी डोळे मिटून शिक्को मारलो असतो. तुमी म्हटलात, देवाचा सोडा, मनाक विचारा."

"व्हय."

"आमी विचारलाव. एकेकान आपापल्या मनाक विचारल्यान." त्याने पंचा खांद्यावर टाकला. "मनात तुमी खंयच नाय होतास."

भाईने पावत्या बाजूला ठेवल्या. थोड्या वेळाने बाबली उठून चपला शोधू लागला, तेव्हा भाईने त्याला विचारलं, "रे, जरा बसतंस? च्या करतंय."