फेरतपासणीचा फोन

मोठी माणसं सोशल मीडिया किती वापरतात, हे घरोघरी जाऊन विचारायचं माझं काम. लोक मोबाइलमधून मान वर न काढता सांगतात, "आम्ही नाही हो फारसं वापरत." मी टॅबवर तसंच नोंदवतो. संशोधन असंच पुढे जातं.

घरात कोणाला विचारायचं ते वाढदिवस ठरवतो. ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्यानेच उत्तरं द्यायची. काल एका घरी हा मान तिथल्या वहिनींना मिळाला. त्यांच्या नवऱ्याला ते काही रुचलं नाही.

"तिला काय विचारता? ती असलं काही वापरत नाही. मला विचारा, मी सगळ्यांचं सांगतो."

"दादा, नियम आहे. तुमचा वाढदिवस जरा आधी होऊन गेला."

ते समोरच खुर्ची ओढून बसले. मी प्रश्न वाचला, सोशल मीडिया किती वेळा वापरता?

"कधीच नाही," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातातल्या टॅबवर बोट टेकवलं: दिवसातून अनेकदा. कशासाठी? "वापरतच नाही, तर कशासाठी काय सांगू," म्हणत त्यांनी 'नातेवाइकांशी बोलण्यासाठी' निवडलं.

दारापर्यंत आल्या तेव्हा पुटपुटल्या, "माहेरी बोलायची बंदी आहे. बहिणीशी लपून तेवढ्यावरच बोलते. यांना कळलं, तर नुसता मोबाइल जाऊन भागणार नाही."

ऑफिसात पोचेपर्यंत मी खूश होतो. इतकं खरं उत्तर मला आजवर मिळालं नव्हतं. मग आठवलं, की काही घरी आमच्या सुपरवायझर मॅडम फेरतपासणीचा फोन करतात आणि नोंदवलेली उत्तरं वाचून दाखवतात. संपर्कासाठी नंबर मी नवऱ्याचा घेतला होता. त्यांनीच दिला होता, मोठ्या तत्परतेने.

आज सकाळी मॅडमच्या टेबलापाशी गेलो. "मॅडम, त्या घरी फोन नका करू. नवरा उचलेल, वहिनी अडचणीत येतील."

"प्रत्येक जण हेच सांगतो रे. फोन कुठे करायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. उद्या तो माझ्या सासूबाईंनाही लावायला सांगेल."

फॉर्म रद्द होतो तो एकाच कारणाने, खोटा असेल तर. म्हणून म्हणालो, "तो फॉर्म मी मनाने भरला."

त्यांनी स्क्रीन बघितली. "शक्य नाही. लोकेशन त्याच घराचं आहे."

"जिन्यात बसून भरला."

"खोटे फॉर्म मला बघताक्षणी कळतात. त्यात सगळे सुखी असतात. हा खरा वाटतो."

"आईशप्पथ खोटा आहे, मॅडम."

नोकरी गेली तर गेली, असं मी मनाशी म्हणत होतो. मॅडमनी चष्मा काढला. "एक खोटा निघाला की त्या माणसाची सगळी घरं तपासायची, माहितीये ना? सुरुवात याच घरापासून."

"नको. खरा आहे."

"खरा असेल तर फोन करायला हरकत काय?"

मॅडमनी नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकला आणि गोड आवाजात विचारलं, "आपल्या मिसेस दिवसातून अनेकदा सोशल मीडिया वापरतात, असं नोंदवलंय. बरोबर ना?"

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, अगदी शांत. "थांबा हं. तिलाच विचारतो."

मी त्या घराकडे धावत सुटलो. ऑफिसच्या जिन्यात पोचलो तेव्हा मागून मॅडमचा आवाज आला, "हो हो, सावकाश विचारा. मी थांबते."