मापाच्या रेडिओचा कान

मी मापाचा रेडिओ बोलतोय, सातासमुद्रापारच्या पुकेकोहे गावातल्या शेडमधनं. माझ्या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा बघू. विमान पडलं म्हणाल, तर हरलात. कुणी मेलं म्हणाल, तर डबल हरलात. बसा आता गप, ऐका.

मला लिहिता-वाचता येत नाही. दरवर्षी अंगावर तारखेची चिठ्ठी चिकटवतात, ती उलटी लावली तरी मला कळायचं नाही. माझं काम ऐकायचं. विमानातले रेडिओ काढून आणतात, माझ्या कानात वायर खुपसतात, आणि समोरचा किती जोरात बोलतोय ते मी सुई हलवून सांगतो. मी सांगेन ते खरं. म्हणून मापाचा.

मला घेतलं आमच्या मालकीणबाईंच्या, नोलीनच्या बापानं. शेतात खत टाकणाऱ्या छोट्या विमानांचे रेडिओ तो गराजमध्ये दुरुस्त करायचा. पायलट चिखलाच्या बुटांनी आत यायचा. बाप आधी चहा द्यायचा, मग शिव्या. आता तो नाही. कंपनी नोलीन चालवते. सहा माणसं, मोठी शेड, भिंतीवर सर्टिफिकिटं. नवीन मशिनं ढिगानं आली, पण शेवटचं माप माझ्याकडेच.

आणि मी पहिल्यापासून लबाड. कुणी नवीन बसलं की बहिऱ्याचं सोंग घ्यायचं, सुई अर्ध्यावरच ठेवायची. समोरचा घामाघूम. मग आमचा जुना कारागीर चंद्रहास येणार, डोक्यावर दोन टपल्या मारणार, "ऊठ रे म्हाताऱ्या, नाटकं पुरे," की सुई जागेवर. बाहेरच्या लॅबला तपासायला पाठवलं की मात्र मी शहाण्या जावयासारखा वागतो.

चंद्रहास पुण्याचा, इथे येऊन वीस वर्षं झाली. माझ्याशी मराठीतच बोलतो, म्हणून मला येतं. रेडिओ विमानात परत बसवायचा तर कागदावर सही लागते, आणि ती कुणीही करू शकत नाही. चार वर्षं परीक्षा देऊन त्यानं तो सहीचा हक्क मिळवला. त्या दिवशी बायकोनं शेडभर श्रीखंड वाटलं होतं. नोलीननं ते ब्रेडला लावून खाल्लं.

दर खंडेनवमीला तो आमची पूजा करतो. पकडी, स्क्रूड्रायव्हर, मी, सगळ्यांना हळदकुंकू. नोलीनची ना नाही. "स्वीट ॲज, चंद्रा, खुशाल कर. फक्त धूर नको, अलार्म वाजतो."

गेल्या खंडेनवमीला कुंकू जरा पातळ झालं. त्यानं माझ्या कपाळावर टिळा लावला, तो ओघळला आणि सरळ कानात. मला गुदगुल्या झाल्या. मी सुई नाचवली, सगळे हसले.

दुसऱ्या दिवसापासून मला कमी ऐकू यायला लागलं. खरंच कमी. चंद्रहासनं टपल्या मारल्या. मी सगळा जोर लावला हो, पण सुई थोडीशीच चढली. त्याला वाटलं, म्हातारा जागा झाला, उरलेला दोष रेडिओचा. त्यानं त्या रेडिओचा आवाज चढवला, सही केली. मग पुढचा. तीन दिवसांत सात.

शेजारच्या टेबलावरची, नुकताच सहीचा हक्क मिळालेली मृणालिनी म्हणाली, "काका, सातही हळू कसे? हा बिघडला असेल."

"अगं, तू नवीन आहेस. हा असाच छळतो."

जन्मभर खोटं बहिरं झालो. खरं बहिरं कसं व्हायचं, ते मला येतच नव्हतं.

चौथ्या दिवशी एका पायलटचा फोन आला. जास्त चढवलेला रेडिओ तापला, वास सुटला, हवेतच मुका झाला. उतरला तो धड, पण टॉवरशी न बोलता.

चंद्रहासनं माझ्या कानात टॉर्च मारला. आत लाल पापुद्रा.

मृणालिनी हळूच म्हणाली, "काका, कापसानं पुसून टाकू. जुना झाला म्हणायचं. याची नाटकं सगळ्यांना माहितीयेत."

माझ्यावर ढकला, मी तयार होतो. पण तो म्हणाला, "अजून सहा विमानं उडतायत, मृणाल. सह्या माझ्या आहेत."

सहाही मालकांना त्यानं स्वतः फोन केले. विमानं खाली ठेवायला लावली. मग नोलीनकडे गेला. तिनं ड्रॉवरमधून फॉर्म काढला.

"वेलिंग्टनला, विमान खात्याला कळवावं लागेल, चंद्रा. तुझी सही जाईल."

"कळव. आणि माझं नाव नीट लिही. तू दर वेळी चुकतेस."

मला लॅबमध्ये धुऊन आणलं. आता ठणठणीत ऐकू येतं. त्या दिवसापासून एकदाही सोंग घेतलेलं नाही, विश्वास ठेवा अगर नका ठेवू. तुमच्या घरात कुणी सारखी थट्टा करणारा म्हातारा असेल, तर एखाद्या दिवशी त्याचं खरं धरून बघा. एवढंच मागतो.

चंद्रहासची सही गेली. तो छप्पन्न वर्षांचा आहे. सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायच्या, दोन वर्षं तरी जातील. काम तोच करतो. वायर लावतो, सुई बघतो, दोनदा बघतो, आकडे लिहितो. मग मृणालिनीला हाक मारतो, खुर्चीवरून उठतो, आणि ती सही करेपर्यंत बाजूला उभा राहतो.