महिनाभर उशिराची मिस्सा

लेंटच्या गुरुवारी सेंट बार्बरा चर्चच्या तळघरात कोणी राजकारण काढायचं नाही, हा वांडाचा कायदा होता. ईस्टरआधीच्या या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी अख्खं गाव तिथे तळलेले मासे आणि पिरोगी खायला लोटायचं, आणि त्या पिरोग्या आदल्या दिवशी वांडाच्या टेबलावर व्हायच्या. मैद्याची पारी, बटाटा-चीजचं सारण, आणि करंजीसारखी घट्ट मुरड. मुरड सैल राहिली की पिरोगी पाण्यात फुटते, आणि राजकारण निघालं की मुरड सैल पडते, असं तिचं म्हणणं. त्यामुळे दोन्ही पक्षांच्या बायका कोपराला कोपर लावून बसत आणि नातवंडं, गुडघे आणि नव्या फादरचं लांबलचक प्रवचन यांवर समाधान मानत.

कायदा मोडायची हिंमत एकटा जीन करायचा. जीन तिचा धाकटा भाऊ, नऊ भावंडांतलं शेंडेफळ, आणि आता पेन्सिल्व्हेनियाच्या विधानसभेत त्या भागाचा आमदार. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झाला, पण तळघरात आला की आधी सारणाच्या पातेल्यात बोट घालणार.

"हात धुतलेस का मेल्या?" वांडा मान वर न करता म्हणाली.

"आमदाराचे हात कायम स्वच्छ असतात."

"म्हणूनच विचारलं." टेबल हसलं. जीनही हसला, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की स्वारीला काहीतरी हवंय.

"वांजा," तिच्या लाडक्या नावाने हाक मारत तो म्हणाला, "मंगळवारी राजधानीला, हॅरिसबर्गला चल माझ्याबरोबर. माझ्या बिलाची सुनावणी आहे. तू फक्त माझ्या मागच्या खुर्चीत बसायचं. मांडीवर आईचा फोटो घेऊन."

टेबलाभोवतीच्या सगळ्या जणी एकदम मुरडी घालण्यात गुंतल्या. बिल काय होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. महिनाभर रेडिओवर दुसरं काही नव्हतं. वॉशिंग्टनच्या नव्या नियमाने कामगारांच्या विम्यातून गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, सगळं द्यावं लागणार होतं. जीनचं बिल म्हणत होतं की मालकाच्या धर्मात ते बसत नसेल, तर त्याच्यावर सक्ती नको.

"आणि मी माझं ते वाक्य बोलणार," जीन म्हणाला.

ते वाक्य वांडाला पाठ होतं. प्रत्येक सभेत तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी माझ्या आईचं नववं मूल. तेव्हा या गोष्टी विम्यात मिळत असत्या, तर मी आज तुमच्यासमोर उभा नसतो." लोक टाळ्या वाजवायचे. बायका डोळे पुसायच्या. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, पोरगा मनापासून बोलायचा. वांडा मात्र दर वेळी टाळ्या न वाजवता पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

"बघते," ती म्हणाली. तिच्या हातातल्या पिरोगीची मुरड सुटली होती. शेजारच्या आयरीनने ती हळूच काढून घेतली आणि नीट केली.

संध्याकाळी पॉला तिला गाडीने घरी न्यायला आली. पॉला तिची मुलगी, नन्सनी चालवलेल्या वृद्धाश्रमात नर्स, तीन पोरांची आई. तिसऱ्याच्या वेळी तिचं रक्त थांबेना, हृदयही दगा देऊ लागलं होतं. चौथं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि तांबी बसवून घ्यायला बजावलं. आश्रमाचा विमा तांबीला पैसे देत नव्हता. हे जीनला माहीत नव्हतं. असलं दुखणं मामाला कोण सांगायला जातं.

"आई, मंगळवारी मीही बोलणार आहे तिथे," पॉला गाडी चालवता चालवता म्हणाली. "अंकल जीनच्या विरुद्ध."

"तांबीचं मी भरते म्हटलं ना तुला."

"तू माझं भरशील. आमच्या धुलाईखान्यातल्या पोरींचं कोण भरणार? त्यांच्या आयांकडे आहेत का एवढे पैसे?" मग तिचा आवाज खाली आला. "तो तुला मागे बसायला सांगणार, हे मला माहीत होतं. आई, माझ्या मागे बसू नकोस. त्याच्याही मागे बसू नकोस. तू आपली घरी बस."

वांडा खिडकीतून बाहेर बघत राहिली. एक पोटची आणि एक हातावर वाढवलेला. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात एक तिसरीच गोष्ट होती, आणि ती पॉलालाही ठाऊक नव्हती.

जीनला लहानपणापासून सांगितलं होतं की तो महिन्याचा असताना आई न्यूमोनियाने गेली. खरं असं की आई गेली ती तो जन्मला त्याच दिवशी, नऊ फेब्रुवारीला, पहाटे, त्याचं तोंड एकदा बघून. आठव्या मुलानंतरच, बाप राबायचा त्या खाणीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, बाई, आता पुरे, पुढचं बाळंतपण तुला उठू देणार नाही. मूल टाळलं तर चर्चला चालेल का, असं आई फादरना विचारायला गेली. परत आली, एप्रन बांधला, आणि भांडी घासायला लागली. काय झालं ते कोणाला सांगितलं नाही.

बापाने सगळ्या पोरांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि आईच्या जपमाळेवर हात ठेवायला लावला. या लेकराला कधी कळता कामा नये. थडग्याच्या दगडावर तारखा न घालता फक्त सालं कोरली. वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, महिनाभर पुढे ढकलून नऊ मार्चला ठेवली, म्हणजे नऊ फेब्रुवारीला पोराला केक कापता येईल. चौदा वर्षांच्या वांडाने पहिला केक केला तो मधोमध बसलेला होता. तेव्हापासून दर वर्षी ती फेब्रुवारीत केक करायची, हसायची, आणि रडणं मार्चपर्यंत राखून ठेवायची. गावातल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. एवढी वर्षं एकानेही तोंड उघडलं नाही. चहाडखोर म्हणून गावाची ख्याती, पण हे एक गावाने पोटात ठेवलं.

रविवारी दुपारी जीन भाषणाचा सराव करायला वांडाच्या स्वयंपाकघरात आला. शाळेतल्या पहिल्या कवितेपासून तो सगळं आधी तिच्यापुढे म्हणून दाखवायचा. ती बीटाचं सूप ढवळत होती. तो फ्रिजला टेकून उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी माझ्या आईचं नववं मूल..."

"थांब," वांडा म्हणाली. तिने गॅस बंद केला. "बस खाली, जीनी."

"वाईट होतंय का?"

"चांगलं होतंय. म्हणूनच बस."

तिने सांगितलं. आडवळणं न घेता. डॉक्टरचं सांगितलं, फादरकडे जाण्याचं, फेब्रुवारीचं, मार्चचं. जीन ऐकत होता. टेबलावरची मिठाची डबी तो गोल गोल फिरवत राहिला.

"म्हणजे माझ्या वाढदिवसाला," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही सगळे..."

"आम्ही सगळे केक खायचो. आणि तो चांगला व्हायचा, पहिला सोडून."

"मी नसतो तर आई राहिली असती, वांजा."

"हा हिशेब मी करत नाही," वांडा म्हणाली. "एकदा करायला बसले होते, ती गेली त्याच आठवड्यात. तू पाळण्यात बोंबलत होतास आणि मला माझी आई हवी होती. फार राग आला होता तुझा. मग तू माझं बोट धरलंस आणि सोडेनास. मला आई हवी होती, आणि मला तू हवा आहेस. ही दोन्ही एका तराजूत घालायची नसतात. पण तू ती माइकवर घालतोस, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे ते तुला बिचाऱ्याला माहीतच नाही."

जीन रडत होता. बाही नाकाला लावली तशी तिने सवयीने रुमाल पुढे केला.

"बिलावर काय करायचं ते तू ठरव. मी चर्च सोडलेलं नाही आणि तुलाही सोड म्हणत नाही," ती म्हणाली. "पण पॉलाला डॉक्टरांनी तेच सांगितलंय जे आईला सांगितलं होतं. अगदी तेच. ती मंगळवारी तुझ्यासमोर बसेल. तेव्हा आईचा फोटो कोणाच्या मांडीवर द्यायचा, ते तूच मला सांग."

तो उठला. सूप तसंच राहिलं. दारातून जाताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही, आणि वांडाला वाटलं, संपलं. आपण पोराचा वाढदिवस आपल्या हाताने मोडला.

मंगळवारी ती एकटीच बसने हॅरिसबर्गला गेली. फोटो पर्समध्येच ठेवला. पॉलाच्या मागे नाही, जीनच्या मागेही नाही, भिंतीकडच्या बाकावर बसली, जिथून दोघांची तोंडं दिसतील. पॉला आधी बोलली. आपलं दुखणं परक्या पुरुषांपुढे सांगताना तिचे कान लाल झाले होते, पण बोलली. मग जीनने माइक जवळ घेतला.

"मी माझ्या आईचं नववं मूल," तो म्हणाला आणि छातीवरचा हात त्याने खाली घेतला. "हे वाक्य मी वर्षानुवर्षं बोलतोय. पुढचं आजवर मला माहीत नव्हतं. माझी आई मी जन्मलो त्या दिवशी गेली. डॉक्टरने तिला आधीच सांगितलं होतं. मी जिवंत आहे, याचा मला आनंद आहे. पण तिला काय हवं होतं, ते कोणी तिला विचारलं होतं का, मला माहीत नाही. आता मी तिला विचारू शकत नाही. माझ्या भाचीला विचारू शकतो. मी आतापर्यंत विचारलं नव्हतं." तो थांबला. "माझ्या बिलाला माझं मत नाही."

बिल त्याच्या मताशिवायही समितीतून पार पडलं आणि मग वरच्या सभागृहात कुठेतरी अडकलं. गावातले काही लोक जीनशी बोलेनासे झाले. शुक्रवारी रांगेत एकाने त्याच्याकडे पाठ फिरवली. तो माशांचं ताट धरून तसाच उभा राहिला, आणि आयरीनने, जिचं मत कायम त्याच्या विरोधी पक्षाला, त्याच्या ताटात चार पिरोग्या जास्तीच्या टाकल्या. पॉलाने जाता जाता त्याच्या गालाची पापी घेतली आणि म्हणाली, "अजून तुझ्याशी भांडण आहे माझं." तो म्हणाला, "असू दे, गुरुवारी नको पण."

त्या मार्चच्या मिस्सेला जीन आला, शेवटच्या बाकावर बसला आणि लवकर निघून गेला. वांडाशी तो बोलायचा, हसायचाही, पण त्या रविवारचं नाव त्याने काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

पुढच्या नऊ फेब्रुवारीला वांडा पहाटे उठली. केक करावा की नाही, हे तिला रात्रभर ठरवता आलं नव्हतं. हात मात्र विचारत बसले नाहीत. केक ओव्हनमधून निघत होता तेवढ्यात दार वाजलं. बाहेर जीन उभा. काळा कोट, काळा टाय, बुटांना बर्फ.

"चल, आठची मिस्सा आहे आईची," तो म्हणाला. "फादरना सांगून तारीख बदलून घेतली. आता खऱ्या दिवशीच."

एवढी वर्षं मार्चपर्यंत राखून ठेवलेलं रडणं या वेळी थांबायला तयार नव्हतं. जीनने तिचा कोट खुंटीवरून काढला, तिचे दोन्ही हात बाह्यांत घातले, लहान पोराला घालतात तसा, आणि बटणं लावली.

मग त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं.

"पण केक केलायस ना?"

"केलाय," वांडा म्हणाली.