अर्नीची सोंगटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या गळ्यात 'यावर उभे राहू नये' अशी पाटी अडकवली आहे. ती मला मुळीच आवडत नाही. ज्याचा जन्मच लोकांनी वर उभं राहावं म्हणून झाला, त्याच्या गळ्यात असली पाटी! ते असो. मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे, आणि खरं सांगतो, ती सांगताना माझाच गोंधळ उडतो. तुमची डोकी ताजी आहेत. बघा तुम्हांला काही उमगतं का.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. पाय ठेवायला ओतीव लोखंडाचा पाट, वर पितळेची दांडी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारं वजन, असा माझा थाट होता. मला तपासणारा म्हातारा कारागीर म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." त्या कौतुकाने मी असा फुगलो, की काही विचारू नका!

मग माझी रवानगी ब्रॅकनशॉच्या तुरुंगात झाली. कैदी आत येताना त्याचं वजन करायचं आणि सुटताना पुन्हा करायचं, असा तिथला नियम होता. इथे कोणी उपाशी राहत नाही ना, हे बघणं माझं काम, असंच मी भाबडा समजत होतो.

एके दिवशी अर्नी हॅलोज आला. बावीस वर्षांचा, नऊ स्टोन दोन पौंडांचा, म्हणजे साधारण अठ्ठावन्न किलोचा. तो आणि त्याचा एक मित्र तंबाखूच्या दुकानात चोरी करायला गेले होते. म्हाताऱ्या दुकानदाराच्या डोक्यात कोणीतरी सळई घातली आणि तो बिचारा मेला. अर्नी म्हणे मित्राने घातली, मित्र म्हणे अर्नीने. कोर्टाला मित्राचं पटलं. तेव्हा आमच्या देशात फाशी होती. अर्नीला ती सुनावली गेली.

फाशीच्या कैद्याला एकटं सोडत नसत. शेवटचे तीन आठवडे दोन पहारेकरी सतत त्याच्याजवळ बसत. त्यांतले एक होते वॉल्टर थ्रेलफॉल. ते अर्नीबरोबर डॉमिनो, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्या जुळवत लावायचा खेळ, खेळत. आमच्या गावात या खेळाची एक रीत आहे. हातात लावण्याजोगी सोंगटी नसली, की टेबलावर दोनदा टकटक करायचं. म्हणजे, 'मला जमत नाही, पुढे चला.' फिरून आपली पाळी येतेच.

अर्नीला चांगलंचुंगलं खायला मिळे. दर दोन दिवसांनी तो माझ्यावर उभा राही आणि दर वेळी त्याचं वजन थोडं वाढलेलं असे.

"काय हो मिस्टर थ्रेलफॉल, नाताळच्या टर्कीसारखं चारताय मला!"

"गप खा, पोरा. माझ्या मुरिएलला घरी एवढी खीर मिळत नाही."

मलाही बरं वाटे. पोरगं अंगाने सुधारतंय, म्हणून मी खूश! केवढा मूर्ख होतो मी.

शेवटच्या दुपारी वॉल्टरनी त्याला माझ्यावर चढण्याआधी खिसे रिकामे करायला सांगितले. एका खिशातून डॉमिनोची सोंगटी निघाली.

"ही कशाला लपवलीस रे?"

"आपला डाव अर्धा राहिलाय ना! ही नसली तर तो संपणार कसा? आणि अर्ध्या डावातून माणसाला उठवायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा," अर्नी म्हणाला आणि हसला. वॉल्टर हसले नाहीत. त्यांनी सोंगटी आपल्या खिशात टाकली.

नऊ स्टोन अकरा पौंड, म्हणजे बासष्ट किलो. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने तो आकडा कागदावर टिपला आणि तो निघून गेला. दोर किती लांब ठेवायचा, हे वजनावरून ठरतं, ते मला नंतर कळलं. मी खरं तेच बोललो होतो. माझ्या खऱ्याचं ते काय करणार आहेत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सुटताना वजन करायचं, हा नियम. अर्नीचं झालं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याचा तो मित्र मरताना म्हणाला, "सळई मी घातली." त्याची बहीण म्हणाली, "तापात काहीही बरळत होता." आता खरं काय समजायचं?

पुढे फाशी बंद झाली, तुरुंगही बंद झाला. मी कोळशाच्या कोठारात गंजत पडलो. कबुतरांनी माझी पार रया घालवली. मग त्याच तुरुंगाचं संग्रहालय झालं आणि वॉल्टरांची लेक मुरिएल माझी काळजी घ्यायला आली. ती आता शहात्तर वर्षांची आहे. दर मंगळवारी ती मला तेल घालते आणि गप्पा मारते.

दोन वर्षांपूर्वी तिची नात केरी बेकरीतलं काम संपवून घरी निघाली होती. वाटेत एका माणसाने तिला मारून टाकलं. यात शंकेला जागाच नाही. कॅमेऱ्यात सगळं दिसलं, त्याने कबूलही केलं. त्याला जन्मठेप झाली. तेव्हापासून मुरिएल माझं पितळ इतकं जोरात घासते, की मला दुखतं.

गेल्या मंगळवारी नगरपालिकेतला जेफ बर्टविसल आला. मुरिएलच्या मैत्रिणीचा हा मुलगा. फाशी परत आणा, असा अर्ज त्याने सरकारसाठी लिहून आणला होता. तो त्याने माझ्याच पाटावर ठेवला.

"मुरिएल मावशी, पहिली सही तुमची. तुमचं नाव वर दिसलं की अख्खं गाव सही करेल."

"चहा घेणार?"

"चहा राहू दे हो! त्या नराधमाला आपण पोसतोय, मावशी."

"मला सांगतोस होय रे?" मुरिएल कडाडली. "तो रोज सकाळी उठतो, अंडी खातो. माझी केरी उठत नाही. माझ्या हातात दोर दिला असता ना, तर..."

तिने पेन उचललं. मी तर पुरता गोंधळलो. तो माणूस माझ्यावर उभा राहिला, तर त्याचंही वजन मी खरंच सांगेन. केरीसाठी मला ते सांगावंसंही वाटत होतं. पण त्याच्या मागून पुन्हा एखादा अर्नी आला तर? माझ्या पाटावर तर दोघे सारखेच. कोणीतरी सांगा हो मला!

मुरिएलने स्वेटरच्या खिशातून ती सोंगटी काढली.

"बाबांनी ही मरेपर्यंत जवळ ठेवली. मला एकदा विचारलं, 'त्याने केलं असेल का गं?' मी म्हटलं, तीन आठवडे तुम्ही त्याच्यासमोर बसलात, तुम्हांलाच ठाऊक. तर म्हणाले, 'म्हणूनच तर ठाऊक नाही.'"

"पण केरीचं तसं नाही ना, मावशी?"

"नाही रे. मुळीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

तिने पेन खाली ठेवलं आणि सोंगटीने माझ्या लोखंडावर दोनदा टकटक केलं. जेफ याच गावचा. त्याला काही समजवावं लागलं नाही.

"म्हणजे नाही?" तरी त्याने विचारलं.

"म्हणजे आज माझ्या हातात लावायला काही नाही. पाळी फिरून आली की बघू." एवढं बोलून ती रडू लागली.

जेफने टोपी काढली. मग म्हणाला, "बसा मावशी. चहा मीच टाकतो."

त्या अर्जावर आता पुष्कळ सह्या झाल्या आहेत म्हणतात. पहिली ओळ मात्र जेफने मोकळी ठेवली आहे.

मित्रांनो, कोण बरोबर हे मला विचारू नका. मला नाही ठाऊक. पण कोणी असं टकटक केलं, तर त्याला घाई करू नका. आणि मुरिएलचे हात थकले, की तुमच्यापैकी कोणीतरी मंगळवारचं तेल घालायला या. मला गंजू देऊ नका. अर्नीचं सुटतानाचं वजन अजून व्हायचं आहे.