मनकर्णाबाईंची अकरा वर्षं

ठिकाण: हुडकेश्वर, टिनाचं शेड.
शंभरेक माणसं. प्रत्येकाच्या हातात आमच्या दवाखान्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ओमप्रकाश महाराज ती बोटाने मोजत होते.
"यमानं नाव झाकलं. चिन्ह एक, आयुष्याचं वर्ष एक. सातच? नावाले देवी जोड, वाढते."
आणि चिन्हं वाढत होती, हेच नवल. लोक सदरच्या दवाखान्यात आमच्या खिडकीवर परत येत, लांबवलेलं नाव सांगत, जास्त चिन्हांची चिठ्ठी घेऊन जात.

नोंद करणारी: श्वेता. म्हणजे मी.
नवं सॉफ्टवेअर आल्यापासून मराठी नाव असंच छापलं जायचं. वर कळवलं होतं. उत्तर आलं नाही. मी छापत राहिले.

रुग्णाचं नाव: ???????????
उमरेडच्या मनकर्णाबाई. हयात हातमागावर गेली. आता गर्भाशयात गाठ. गुरुवारचं ऑपरेशन त्यांनी रद्द केलं.
"देवी जोडून अकरा वर्षं भेटली ना वं. पोट काहून फाडू?"
गाठ थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मी त्यांच्यामागे शेडमध्ये आले.

तपासणी:
मोबाइलवर दवाखान्याची तीच नोंदणी उघडली. नावाच्या जागी 'खुर्ची' टाइप केलं. सहा चिन्हं.
"महाराज, तुमच्या खुर्चीले सहा वर्षं."
"प्लास्टिक तेवढंच टिकते."
लोक हसले. माझ्यावर.
"मावशी, काकांचं नाव काय होतं?"
"चंद्रभान. काहून?"
काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. टाइप केलं. आठ चिन्हं. मोबाइल मावशींच्या हातात दिला. त्यांनी दोनदा मोजलं.
"महाराज, ह्यांले अजून आठ वर्षं आहेत? मंग मी जाळलं कोणाले?"
"आत्म्याची गणती वेगळी असते, बाई."
"मंग माझी कोणती केली?"
महाराज माळ ओढत राहिले.

कारण:
नाव साठवायचा रकाना फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेला होता. मराठी अक्षर, काना, वेलांटी, जे जे त्याला ओळखू येत नाही, त्या प्रत्येकाच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो. नाव लांब, चिन्हं जास्त. बस. सगळ्यांसमोर मावशींचं नाव इंग्रजीत टाइप केलं. पूर्ण उमटलं.

शेरा:
बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "तू तं खिडकीत बसून रोज पाहून राहिली होती. सांगतलं काहून नाही?"
"कोणी विचारलं नाही."
खरं उत्तर एवढंच होतं.
ऑपरेशन आता सोमवारी आहे. गाठ तोवर किती वाढली, ते पोट उघडल्यावर कळेल.
कागदावर न समजणारं काही छापून आलं, तर ते घेऊन महाराजाकडे जाऊ नका. छापणाऱ्याला विचारा. आणि छापणाऱ्याने, कोणी विचारेल याची वाट पाहू नये.