वीणाच्या खोलीची तीन दारं

“यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही,” भालचंद्रांनी बसमध्ये जाहीर केलं, “पण माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये वीणा अजून पाढे म्हणतेय.”

पहाटे दिल्लीच्या पहाडगंजहून निघालेली मराठी मंडळींची सहल; मुरथलच्या ढाब्यावरचे पराठे पोटात, बाहेर धुकं, पानिपतचं काला अंब अजून तासभर लांब. लोक ऐकायला तयारच होते. शेजारी बसली होती हेमलता, वीणाची धाकटी बहीण. तिने फोनवर बजावलं होतं, “भावोजी, येताना ताईचा आवाज आणा. ती गेल्यापासून ऐकला नाही.” भालचंद्रांनी आवाज आणला नव्हता. गोष्ट आणली होती.

“नात दिल्लीत वाढलेली. एकोणतीस म्हटलं की विचारते, मतलब उनतीस? म्हणून वीणाने तिच्यासाठी सगळे पाढे रेकॉर्ड केले. ती गेल्यावर मी त्यांचा फोल्डर केला. फोल्डर म्हणजे खोली समजा. खोलीला दार एकच असावं, असा दम मी ऑफिसात जन्मभर पोरांना भरला. पण घरी करमेना. मग एक चोरदार काढलं, अडगळीच्या फोल्डरमधून. जाता-येता भेट व्हावी म्हणून. आणि तिसरं खोलीच्या आतून, पुन्हा त्याच खोलीत उघडणारं. म्हणजे निघालो तरी तिच्याकडेच.”

“आणि कॉम्प्युटरने करू दिलं?” मागच्या सीटवरून विनायकने विचारलं. ऑफिसात दम खाल्लेल्या पोरांपैकीच तो एक.

“जुनी मशीन आहे. मालक म्हणेल ते ऐकते. तुझ्यासारखी नाही.”

“अच्छा. मग?”

“मग दिवाळीत अडगळ साफ करायला काढली. पुसणारा प्रोग्राम कसा, दिसेल त्या दारात शिरणार, सापडेल ते पुसणार. हे चोरदार आहे, हे त्याला काय ठाऊक? शिरला की वीणाच्या खोलीत.”

शाल सावरणारा हेमलताचा हात थांबला. भालचंद्र खिडकीकडे वळले. त्या दिवशी पडद्यावर नुसती पांढरी जागा उरली होती, आणि अंधार पडेपर्यंत ते तिच्यासमोर बसून होते. पण बस वाट पाहत होती.

“पण वीणाच ती. पाढा पुरा झाल्याशिवाय तिच्यासमोरून कोणी उठलंय? तो प्रोग्राम आतल्या दाराने बाहेर पडायला गेला, तर पुन्हा आतच. अजून फिरतोय बिचारा. आणि खोलीला शेवट नाही म्हटल्यावर पाढ्याला तरी कुठला? एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झाले तरी बाई थांबत नाहीत. परवा कान लावला तर हजारांत पोचली होती. मध्येच म्हणाली, अहो, स्वेटर घाला.”

बस हसली. “चलो, मान गये,” विनायक म्हणाला.

हेमलता हसली नाही. तिने भालचंद्रांच्या स्वेटरकडे पाहिलं; उलटा घातला होता.

“खोटं आहे, भावोजी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “ताईचा एक शब्द जरी उरला असता, तर पहाडगंज सुटायच्या आधीच तुम्ही तो सगळ्या बसला ऐकवला असतात.”