दिवा कुठं ठेवायचा

"आज पुन्हा माझीच पाळी का?" लाकडी फळीच्या पलीकडून कुरकुर ऐकू आली. "रिकाम्या जागेपुढं रोज तांब्या भरून ठेवायचा, तो पण पेन्शनीला टेकलेल्या माणसानं. बाकीच्यांचे हात काय गहाण पडलेत?"

"हळू बोला हो, काका." हा आवाज बाईचा. "त्या बाई बाहेरच बसल्यात."

त्या बाई म्हणजे लंकाबाई. चांदवडला तिची खानावळ होती, आणि पाणी कुणी भरायचं यावरून तिच्याकडच्या कामवाल्यांची रोज वाजायची. तेव्हा ठाण्यातही तेच चाललंय म्हणून तिनं ते कानाआड केलं आणि मांडीवरची पिशवी सावरली. पिशवीत जेवणाच्या डब्यात पीठ होतं, पणती होती, वात होती. पोलीस ठाण्यात पीठ घेऊन येणारी आपण पहिलीच असू, असं तिला वाटून गेलं.

शेजारी फारुख बसला होता. तहसिलीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि माहिती अधिकाराचे अर्ज तो असे लिहायचा, की वाचणाऱ्या साहेबाला घाम फुटावा. लंकाबाईच्या बाबतीत मात्र अजून कुणाला फुटला नव्हता.

मागच्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात तिचा धाकटा भाऊ शेखर नामपूरच्या मार्केटला पिकअप रिकामी करून येत होता. विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्यात, जरा चौकशी करायची, म्हणून त्याला तिथल्याच या ठाण्यात नेलं. सकाळी निरोप आला: छातीत कळ आली, दवाखान्यात नेताना वाटेत गेला. मोठी चौकशी लागली. म्हणजे कुठल्यातरी कपाटात जाऊन बसली.

घरात मात्र वेगळाच घोळ झाला. माणसाचा जीव जिथं जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा, खाली पीठ पसरायचं आणि सकाळी त्यावर पाऊल उमटलंय का बघायचं. शेखर घरात गेला नव्हता, तरी आईनं, चिमणाबाईनं, दिवा त्याच्या खाटेच्या जागी ठेवला. पिठावर काही म्हणजे काही उमटलं नाही. चिमणीचं नाही, मुंगीचंही नाही. घरात मुंग्यांना कधी तोटा नव्हता, पण त्या पिठाला त्या वळसा घालून जात.

"तो हितं आलाच नाय," आई म्हणाली. "दिवा चुकीच्या जागी लावलाय आपण. तिकडं अंधारात चाचपडत आसंल माझं लेकरू."

दहाव्याला विझवायचा तो दिवा अजून तेवत होता. तेल संपत आलं की आई उठायची, ताटावरून उठायची, तापात उठायची. दाराला कडी लावू द्यायची नाही. माहेरी गेलं की लंकाबाईलाही वाटायचं, ओट्यावर कुणीतरी उभं आहे, आणि आत कुठून यायचं ते त्याला कळत नाहीये. मेला हा शब्द घरात कुणी काढत नव्हतं.

"कुठं गेला तेवढं विचारून ये," आईनं सांगितलं. "दिवा उचलून तिथं नेऊ. मग निवंल तो. मग मी पण निवंन."

फारुखनं पहिला अर्ज लिहिला तेव्हा लंकाबाई दबकत म्हणाली होती, "माहिती कशाला पायजे तेही लिवावं लागंल का?"

"अजिबात नाही, ताई. कारण विचारायचा त्यांना हक्कच नाही."

तिला हायसं वाटलं. दिवा ठेवण्यासाठी, असं सरकारी कागदावर कोण लिहिणार?

उत्तर आलं: मृत्यू दवाखान्याच्या मार्गावर. तिनं पुन्हा विचारलं: मार्गावर नेमका कुठं? उत्तर आलं: सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर ते तांत्रिक कारणास्तव नव्हतं. आणि दवाखाना काही नाशिकला नव्हता, गावातच होता. ठाणं, बाजार समितीचं फाटक, ओढ्यावरचा पूल, की आलाच. एवढ्याशा रस्त्यात माणूस कुठं गेला हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तिनं तिच्या परीनं उपाय केला. फाटकापाशी पीठ पसरून पणती लावली. ट्रॅक्टरवाल्यांना वाटलं करणी केली, कुणीतरी फोन केला आणि पोलिसांची गाडी लगेच हजर. शेखरच्या प्रकरणात पोलिसांनी तातडीनं केलेली ती एवढीच गोष्ट. गाडीतून एक म्हातारा हवालदार उतरला. छातीवर नाव होतं, रंगनाथ. त्यानं पणतीकडं पाहिलं, पिठाकडं पाहिलं, पण रागावला नाही.

"बाई, उचला हे," एवढंच म्हणाला. "हितं काय नाय."

शेवटी वरच्या साहेबांकडच्या अपिलात निकाल लागला: बाईंना फाइल दाखवा, कोठडीही दाखवा, विषय संपवा. म्हणून आज ती या बाकावर होती.

"चला," आतून ठाण्याचे साहेब आले. मागं तरुण शिपाई हर्षाली, आणि तिच्या मागं, मान खाली घातलेला, रंगनाथ हवालदार. मघाची कुरकुर याचीच, हे लंकाबाईनं फाटकापाशी ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं.

फाइल पाहून झाली. तिच्यात वाट होती, ठिकाण नव्हतं. मग सगळे कोठडीकडं निघाले. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. जप्तीचे गावठी दारूचे कॅन, तारांची भेंडोळी, कुणाच्यातरी म्हशीची साखळी, वरपर्यंत रचलेली पोती. हर्षाली आडवी होऊन पुढं सरकली.

"एवढी अडगळ हाय तर आत का नाय टाकत?" लंकाबाईनं विचारलं.

साहेब नुसते पुढं सरकले. कोठडी स्वच्छ झाडलेली होती, रिकामी. आत गेलेला उन्हाचा पट्टाही जरा आखडून पडल्यासारखा दिसत होता. आणि गजांच्या बाहेर, फरशीवर, काठोकाठ भरलेला तांब्या होता. त्यावर पालथा पेला.

लंकाबाई तांब्यापाशी वाकली. खानावळवाली होती ती. पाणी कुणासाठी मांडलंय, हे मांडणीवरून तिला कळायचं. हे शिपायांसाठी नव्हतं. आतून हात बाहेर काढला तर पोचेल, इतक्या अंतरावर ते ठेवलेलं होतं.

"आत कोण हाय?" ती म्हणाली.

"कुणी नाही. कोठडी वापरात नाही," साहेब म्हणाले. "हर्षाली, उचल तो तांब्या."

हर्षाली जागची हलली नाही. "साहेब, मी नाय हात लावणार. एकदा ठेवायचा राहिला होता तर रात्रपाळीवाले पहाटेच बाहेर येऊन बसले होते. बदली होऊन आल्यापासून भरतेय मी पण. कशासाठी ते कुणी सांगत नाय."

"मांजरासाठी आहे," साहेब म्हणाले.

"लई शहाणं मांजर दिसतंय, साहेब," फारुख हळूच म्हणाला. "पेल्यानं पितं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, फाइल पाहिलीत, जागा पाहिलीत. तुमचा भाऊ वाटेत गेला. आता तो पुलाजवळ गेला की फाटकाजवळ, यानं काय फरक पडतो? कशाला हवीय ही माहिती?"

"कारण विचारता येत नाही साहेब, कायद्यानं..." फारुख सुरू झाला.

लंकाबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, फारुखभाऊ. सांगते." तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून साहेबांपुढं धरला. "दिवा ठेवायचाय. म्हातारी दिवा विझवू देत नाय. जागा कळंना म्हणून तिचा जीव अडकलाय. मला कुणाला फासावर चढवायचं नाय आज. ते कोर्ट बघंल. मला नुसती जागा सांगा. पीठ कुठं पसरू?"

बाहेर वायरलेस खरखरला आणि गप्प झाला. साहेब भिंतीकडं बघत होते. हर्षाली तांब्याकडं बघत होती, आता तिलाही कळायला लागलं होतं, आणि ती एक पाऊल मागं सरली.

रंगनाथ हवालदारानं डोक्यावरची टोपी काढली.

"रंगनाथ, तू बाहेर जा," साहेब म्हणाले.

"जातो साहेब. तसाही जायचाच हाय." तो मात्र खाली बसला, गुडघे धरत, गजांपाशी. तांब्या अलगद बाजूला सरकवला आणि रिकाम्या झालेल्या फरशीवर तळवा टेकला. "हितं पसरा, बाई. वाटेत कुणी मेलं नाय. गाडीत घातला तेव्हा तो गार पडलेला होता. रातभर ह्या गजातून हात काढून पाणी मागत होता, अन् आम्हाला सांगितलं होतं, द्यायचं नाय. तुमचा भाऊ आम्ही हितं मारला."